करारात मेंटेनन्स मालकांकडे, मागणी मात्र माझ्याकडे – मदत हवी आहे

नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी, पत्नी आणि आई असे तिघे गेल्या सतरा महिन्यांपासून लिव्ह अँड लायसेन्स करारावर राहत आहोत. करार बावीस महिन्यांचा असून त्याची ऑनलाइन नोंदणी झालेली आहे. भाडे दरमहा २६,००० रुपये आणि डिपॉझिट १,००,००० रुपये आहे. भाडे मी पाच तारखेच्या आत घरमालकांच्या खात्यात भरतो, विजेचे आणि पाइप गॅसचे बिल भरून पावत्याही पाठवतो, आणि त्याबाबत आजवर एका शब्दाची कुरबुर झालेली नाही. अडचण आहे ती सोसायटीच्या मेंटेनन्सची.

गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी वॉचमनच्या हाती एक पाकीट पाठवले. आत घरमालकांच्या नावाचे बिल होते आणि त्याच्या कोपऱ्यात निळ्या पेनने ‘भाडेकरूकडून घेणे’ असा शेरा होता. सेवा शुल्क १,८५०, दुरुस्ती निधी ६३०, सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातील मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) २१०, लिफ्ट ३००, पाणी २८०, पार्किंग ३०० आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता जागा भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो आकार) १,००० अशी महिन्याची बेरीज ४,५७० रुपये होते. पाच महिने काहीच न भरल्यामुळे थकबाकी २२,८५० रुपये झाली असून तिच्यावर द.सा.द.शे. २१ दराने व्याज लावलेले आहे. त्याशिवाय इमारतीच्या बाहेरील गिलावा आणि रंगकामासाठी सर्वसाधारण सभेने ठरवलेली प्रत्येक फ्लॅटमागे ४५,००० रुपयांची वर्गणी वेगळी आहे.

घरमालकांना फोन केल्यावर ते म्हणाले, “मेंटेनन्स तुमच्याकडेच ठरला होता, ब्रोकरला विचारा. आणि रंगाचे अर्धे तरी तुम्ही द्यायला हवेत, तिथे राहता तुम्ही.” पैसे न दिल्यास ही रक्कम डिपॉझिटमधून कापून घेऊ, असेही त्यांनी सांगितले.

करारनाम्यातले वाक्य मात्र उलट आहे. कर, पट्ट्या, मेंटेनन्स आणि बिनभोगवटा शुल्क धरून जागेचे सर्व आकार लायसेन्सर, म्हणजे मालक भरतील, आणि विजेचे बिल लायसेन्सी, म्हणजे मी भरेन, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. तरीही माझ्या बाजूने दोन कच्चे दुवे आहेत आणि ते लपवून सल्ला मागणे योग्य होणार नाही. पहिला असा, की जागा दाखवताना ब्रोकर “मेंटेनन्स वेगळा हं” असे म्हणाला होता आणि मी तेव्हा मान डोलावली होती. पुढे करारात वेगळे छापून आले तेव्हा मला ते सोयीचेच वाटले आणि मी गप्प बसलो. दुसरा असा, की घरमालक परदेशी गेलेले असताना त्यांच्या विनंतीवरून पहिले दोन महिने मी मेंटेनन्स यूपीआयने सोसायटीला भरला, आणि संकोचामुळे तो परत मागितला नाही. आता तेच दोन व्यवहार ते पुरावा म्हणून पुढे करत आहेत.

सोसायटीने थकबाकी या महिनाअखेर न आल्यास गेटवरच्या ॲपमधून आमच्या फ्लॅटचे नाव काढण्याची, म्हणजे पाहुणे, कुरिअर आणि आईला फिजिओथेरपी देणाऱ्या बाई यांना रोज खालीच अडवण्याची, धमकी दिली आहे. सोसायटी माझ्याकडून वसुली करू शकते का? मी थकबाकी भरून ती भाड्यातून वळती केली तर चालेल का? की उरलेल्या काळात भाडे थांबवून डिपॉझिट संपवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी आमच्या सोसायटीत सहा वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे सोसायटीच्या बाजूने सुरुवात करतो. संस्थेचा व्यवहार सभासदाशी असतो, लायसेन्सीशी नसतो. थकबाकी वसुलीसाठी समितीने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊन सभासदाविरुद्ध वसुली दाखला घ्यायचा असतो. पूर्वी ही तरतूद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ मध्ये होती, २०१९ च्या दुरुस्तीपासून गृहनिर्माण संस्थांसाठी ती कलम १५४ब-२९ मध्ये आहे. बिलावर निळ्या पेनने शेरा मारल्याने देणेकरी बदलत नाही, आणि आजारी माणसाची वाट गेटवर अडवणे हा वसुलीचा मार्ग नव्हे.

बिलातल्या एका आकड्यावर मात्र मी थबकलो. शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी कलम ७९अ खाली काढलेल्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क महापालिकेचे कर वगळून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली. तुमच्या बिलात सेवा शुल्क १,८५० आहे, म्हणजे जास्तीत जास्त १८५ रुपये. सोसायटी १,००० लावते आहे. महिन्याला ८१५ रुपये जादा, पाच महिन्यांचे ४,०७५. हे भांडण मालकांचे आहे, पण त्यांच्या लक्षात आणून दिलेत तर त्यांचा राग निदान योग्य दारात जाईल. व्याजाबाबत सांगायचे तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) २१ टक्के ही सरळव्याजाची कमाल मर्यादा आहे, तेवढे तपासून घ्या.

गिलाव्याची वर्गणी तर सरळ सभासदाची आहे. त्या खर्चाने वाढणारे इमारतीचे आयुष्य तुम्हाला बावीस महिन्यांपुरते लाभणार आणि त्यांना पुढची वीस वर्षे.

प्रतिसाद २

मी वकील आहे, पण हा सर्वसाधारण अभिप्राय समजावा; मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणीही याहून पुढे जाऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार एकदा झाला की त्यातील अटींच्या विरुद्ध तोंडी बोलणी पुढे करता येत नाहीत, हे तत्त्व पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये होते, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. ब्रोकरचे बोलणे करारापूर्वीचे आहे, त्यामुळे त्याचा मालकांना फारसा उपयोग नाही. दोन महिन्यांच्या भरण्याने अट बदलली असे होत नाही, मात्र तो भरणा त्यांच्या विनंतीवरून केला होता हे आजच ईमेलने लिहून ठेवा. तेव्हाचा व्हॉट्सॲप संदेश असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वळते करण्याबाबत माझे मत असे, की दुसऱ्याचे देणे स्वतःचे हित राखण्यासाठी भरावे लागले तर ते परत मागण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे, परंतु तेवढ्यावर विसंबून आपणहून भाडे कापलेत तर मालक तुम्हालाच भाडे थकवणारा ठरवतील. आधी लेखी संमती घ्या. डिपॉझिट संपवण्याचा विचार तर मनातून काढून टाका. भाडे थांबवणे हा करारभंग होईल, आणि त्या वादात मुदतीनंतर एक महिना जरी जास्त राहिलात तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, म्हणजे महिन्याला ५२,०००.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. करारातले ते कलम, दोन यूपीआय नोंदी, मालकांचा जुना संदेश (“जरा भरून टाका, आल्यावर बघू” असा तो निघाला) आणि १८५ रुपयांचा हिशेब असा ईमेल काल मालकांना पाठवला. आज सकाळी त्यांनी प्रथम सेक्रेटरींना फोन केला आणि मग मला. नियमित मेंटेनन्स ते भरणार आहेत. रंगाच्या वर्गणीबद्दल “पुढच्या करारात बघू” असे म्हणाले. नव्या कराराचा मसुदा एजंट पुढच्या आठवड्यात पाठवणार आहे आणि भाडे २९,००० होणार आहे. त्यात नेमके काय लिहून घ्यावे?

प्रतिसाद २

छापील कलम हलवू देऊ नका, त्याखाली एवढेच वाढवा: “दरमहा २९,००० रुपयांत सोसायटीचे सर्व नियमित व विशेष आकार समाविष्ट असून, सोसायटीने भविष्यात बसवलेल्या कोणत्याही वर्गणीची वसुली लायसेन्सीकडून अथवा त्याच्या अनामत रकमेतून केली जाणार नाही.” आणि अंगठा देण्यापूर्वी अंतिम मसुदा स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचा, एजंटच्या फोनवर नव्हे, छापून घेऊन.