परदेशी खरेदीदाराला भेटून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते?

काजू उत्पादक, जांबोटी (प्रश्न)

खानापूर तालुक्यातील आम्ही काही काजू उत्पादकांनी एकत्र येऊन गट स्थापन केला आहे. फेअरट्रेडचे, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देण्याच्या अटींवर माल प्रमाणित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतले, कॉफी उत्पादक युरोपात जाऊन तेथील रोस्टरना (कॉफी भाजून विकणाऱ्यांना) आणि ग्राहकांना भेटतात, तसे आमच्यापैकी दोघांनी जावे आणि निम्मा खर्च गटाने सोसावा, असे एका निर्यातदाराने सुचवले आहे. तेवढ्या पैशात बी वाळवण्यासाठी पक्के खळे होईल, असे गटातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात आणि त्यांचे म्हणणे मला डावलता येत नाही. कॉफीच्या व्यवहाराची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मूळचा बेळगावकर, सध्या चिकमगळूर

लहान कॉफी उत्पादकांच्या एका संस्थेचे हिशेब मी पाहतो, त्या आधारे सांगतो. भाव वाढवून मिळेल या अपेक्षेने कोणीही जाऊ नये, कारण किमान भाव फेअरट्रेड ठरवते, तो भेटीत ठरत नसतो. धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये तो पौंड वजनाला १.८० डॉलर ठरवला गेला आणि त्यावर २० सेंट प्रीमियम, म्हणजे संस्थेला मिळणारी जादा रक्कम, ज्याचा विनियोग सभासदांच्या सर्वसाधारण सभेनेच ठरवायचा असतो. बाजार त्याहून वर गेला, जसा तो २०२५ च्या आरंभी दुपटीच्याही वर गेला होता, तर बाजारभावानेच पैसे द्यावे लागतात.

भेटीत बोलायचे ते प्रमाणाविषयी. संस्थेचे सगळे पीक प्रमाणित असले, तरी खरेदीदार जेवढा माल फेअरट्रेडच्या अटींवर उचलतो तेवढ्यालाच प्रीमियम लागू होतो आणि उरलेला माल साध्या व्यापाऱ्याकडे जातो. पाकिटावरचे चिन्ह पाहून कॉफी घेणाऱ्या ग्राहकाला याची कल्पना नसते, म्हणून ‘आमच्या पिकाचा किती हिस्सा आपण घेणार?’ हा प्रश्न शेतकऱ्याने स्वतः, ग्राहकांच्या देखत विचारला पाहिजे. दुसरा विषय आगाऊ रकमेचा. उत्पादकांनी मागणी केल्यास कराराच्या मूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. ऐन तोडणीत मजुरी भागवण्यासाठी व्यापाऱ्याची उचल घेऊन माल त्यालाच बांधून देणाऱ्या शेतकऱ्याला ही रक्कम मोकळे करते, आणि मला तरी ती प्रीमियमपेक्षाही मोलाची वाटते.

उत्पादकाच्या शब्दाला वजन नसते, असे समजू नये. नेदरलँड्समध्ये १९८८ साली मॅक्स हॅवलार हे रास्त भावाच्या कॉफीचे चिन्ह सुरू झाले, त्यामागे मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील युसिरी या कॉफी उत्पादक संस्थेचा आग्रह होता. त्यांनी मदत मागितली नव्हती, रास्त भाव मागितला होता. दुकानात पारंपरिक वेशात उभे राहून छायाचित्रे देण्यापुरताच दौरा असेल, तर गटाने त्यासाठी एक रुपयाही देऊ नये.

काजू प्रक्रिया उद्योजक, बेळगाव

वरील प्रतिसाद योग्यच आहे, परंतु कॉफी आणि काजू यांत एक भेद आहे. कॉफीचा लॉट, म्हणजे एका ठिकाणचा माल, वेगळा ठेवण्याची पद्धत त्या व्यापारात रुळलेली आहे. आपल्याकडे मात्र अनेक कारखान्यांत स्थानिक बी आणि आफ्रिकेतून आयात केलेली बी एकाच हंगामात फोडली जाते. खानापूरचा काजूगर वेगळा फोडून वेगळा भरून देईल असा कारखाना आधी निश्चित झाला नाही, तर खरेदीदाराने होकार दिला तरी त्याला विकण्यासाठी आपल्या हाती आपला म्हणता येईल असा माल नसेल. त्यामुळे खळ्याचा आग्रह धरणारे ज्येष्ठ मला चुकीचे वाटत नाहीत. ओलसर बीचा गर कोणत्याही देशात नाकारलाच जाईल.

वाचक, खानापूर

हंगामाचाही विचार करावा. ब्रिटनमधील फेअरट्रेड पंधरवडा, म्हणजे फेअरट्रेडच्या प्रचाराचे दोन आठवडे, पूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होत असे, म्हणजे नेमका आपला काजू उतरण्याच्या दिवसांत. २०२४ मध्ये तो सप्टेंबरमध्ये झाला, आणि भाताची लावणी आटोपल्यानंतरचे ते दिवस आपल्याला सोयीचे आहेत.

कोण जाणार, हे निर्यातदाराने नव्हे, तर सभेने ठरवावे. बी वेचण्याचे आणि वाळवण्याचे बरेचसे काम बायका करतात, तेव्हा दोघांत एक तरी बाई असावीच. मालाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिलाच देता येईल. मराठीतून बोलणे कमीपणाचे मानू नये, मात्र दुभाषी गटाच्या विश्वासातला असावा. निर्यातदाराच्या माणसाने भाषांतर केले, तर त्याच्या स्वतःच्या कमिशनविषयीचा प्रश्न खरेदीदारापर्यंत जसाच्या तसा पोहोचेल, याची खात्री कोण देणार?