वेल्श गाणारी भावंडे आणि ‘अनुदानावरची हौस’

कार्डिफकर
गेल्या आठवड्यात या मंचावर एका सदस्याने ‘प्ली’ या वेल्समधल्या, वेल्श भाषेत गाणाऱ्या त्रयीविषयी लिहिताना, ‘गळ्यांतला गोडवा मान्य, परंतु जी भाषा त्यांच्याच देशातल्या पाचांपैकी चौघांना येत नाही, तिच्यात गाणे म्हणजे अनुदानावर पोसलेली हौस होय,’ असा निकाल देऊन टाकला. तीन दिवस गप्प राहिलो. आता राहवत नाही.

एलान, मार्गेद आणि ग्विलिम ही रीस भावंडे एररीच्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्नोडोनिया म्हणतात त्या डोंगरी मुलखातली. त्यांचा पहिला अल्बम २०१३ साली आला. पुढे कलरामा या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ‘बेंडिथ’, म्हणजे ‘आशीर्वाद’, या नावाने केलेला अल्बम २०१७ च्या राष्ट्रीय आइस्टेदवोदमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या वार्षिक महोत्सवात, त्या वर्षीचा सर्वोत्तम वेल्श अल्बम ठरला. मात्र मला बक्षिसांविषयी बोलायचे नाही, घरांविषयी बोलायचे आहे. १९७८ साली मध्य वेल्समधल्या माँटगोमरीशरमध्ये लिंडा आणि रॉय ग्रिफिथ्स या बहीणभावांनी जॉन गिटिन्स या मित्राला बरोबर घेऊन ‘प्लेथिन’ सुरू केले. या नावाचा अर्थ वेणी, आणि तीन पेडांची वेणी घालावी तसेच ते गात. ही गायकी त्यांना कोणत्या संगीतशाळेत मिळाली नव्हती, ती ‘प्लगाइन’मधून, म्हणजे नाताळाच्या सुमारास चर्चमध्ये गावकरी वाद्यांविना भक्तिगीते गातात त्या प्रथेतून, मिळाली होती. पुढे लिंडाच्या तीन मुलींनी ‘सोरेला’ काढले. आईकडून मुलींकडे जे जाते त्याला हौस म्हणायचे असेल, तर आपली मातृभाषाही हौसच ठरेल.

एका जानेवारीत शेजाऱ्यांबरोबर मी प्लगाइनला गेलो होतो. थंडगार चर्च, निवेदक नाही, वाद्य नाही. एका बाकावरून बाप आणि दोन मुलगे उठले, पुढे जाऊन जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहिले, धाकट्याने खिशातून स्वरदर्शक चिमटा काढून सूर लावला, आणि येशूच्या जन्मापासून क्रुसापर्यंतची आठ-नऊ कडवी तीन स्वरांत गाऊन ते मुकाट्याने जागेवर येऊन बसले. टाळी एकही पडली नाही. मला शब्द कळत नव्हते, तरी त्या संध्याकाळी मी कोणाच्या घरात आलो आहे, हे कळत होते.

तानपुरा
वर्णन सुंदर आहे, पण माझा आक्षेप भाषेला नाही, ‘लोकसंगीत’ या शब्दाला आहे. ज्या स्वरमेळावर आपण भाळला आहात, तो एकोणिसाव्या शतकातल्या चॅपलांची, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पंथांच्या प्रार्थनाघरांची, देणगी आहे. येवान ग्विल्ट यांचे सामुदायिक गायनाचे स्तोत्रसुरांचे पुस्तक १८५९ सालचे, आणि ज्या टॉनिक सोल्फाच्या, म्हणजे डो-रे-मी अशा अक्षरांनी सूर लिहिण्याच्या पद्धतीच्या, आधारे खाणकामगार चार भागांत गाऊ लागले, ती पद्धत पसरवणारे जॉन कर्वेन हे इंग्रज पाद्री होते. त्या पद्धतीत ‘डो’ कोणत्याही पट्टीवर ठेवता येतो, म्हणजे आपल्या षड्जासारखाच, हे मला आवडते. परंतु इंग्रजांकडून घेतलेल्या शिडीवर चढून इंग्रजीविरुद्ध झेंडा लावणे थोडे विनोदी आहे.

कार्डिफकर
शिडी कोणाची, यापेक्षा वर कोण चढले, हे पाहावे. आणि स्वरमेळ १८५९ साली जन्मला, असे आपल्याला वाटत असेल, तर बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने केलेले वर्णन वाचावे. इतर देशांतल्यासारखे वेल्श लोक एका सुरात गात नाहीत, जितके गाणारे तितके सूर ऐकू येतात, असे त्याने स्वच्छ नोंदवले आहे.

तानपुरा
ही नोंद कोणी तरी काढणार, याची मी वाटच पाहत होतो. त्याच परिच्छेदात तो पुढे म्हणतो, की हंबर नदीपलीकडचे उत्तरेतले इंग्रजही दोन स्वरांत गातात आणि त्यांनी ही रीत बहुधा डेन व नॉर्वेच्या लोकांकडून घेतली असावी. अर्धे वाचून अर्धे लपवणे ही आपली जुनी सवय आहे.

कार्डिफकर
मी काहीही लपवलेले नाही. शेजाऱ्याच्या अंगणातही तुळस आहे, म्हणून माझ्या अंगणातली उपटायची काय? शिवाय प्लगाइनमधली अनेक गीते चॅपलांच्या त्या लाटेच्या आधीची आहेत. मागेही ठुमरीवरच्या चर्चेत आपण असेच मूळ शोधत बसलात आणि गाणे ऐकायचे राहून गेले.

निवृत्त लेखापाल
मूळ प्रश्न पैशांचा होता, तो दोघांनी सोयीस्करपणे बाजूला सारला. माझा पुतण्या स्वानसीजवळ राहतो. त्याला नगरपालिकेचे प्रत्येक पत्र दोन भाषांत येते, आणि त्यातली वेल्श बाजू त्याच्या घरात आजवर कोणी वाचलेली नाही. वेल्श दूरचित्रवाहिनी १९८२ पासून सार्वजनिक पैशांवर चालते, रेडिओही तसाच. एवढे करून २०११ मध्ये १९ टक्के असलेले वेल्शभाषक २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्क्यांवर आले. या हिशेबाला आमच्या कार्यालयात बुडीत खाते म्हणत.

कार्डिफकर
आकडे बरोबर आहेत आणि ते मलाही टोचतात, एवढे कबूल करतो. पण कलावंत अनुदानावर लोळतात, हे चित्र खोटे आहे. २००७ नंतर रेडिओवर वेल्श गाणे वाजल्याचे मानधन इतके घसरले, की कलावंतांनी प्रसारणाचे आपले हक्क मानधन वसूल करणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून काढून घेऊन ‘एओस’, म्हणजे बुलबुल, ही स्वतःची संस्था उभी केली. १ जानेवारी २०१३ पासून काही आठवडे रेडिओ कम्री या बीबीसीच्या वेल्श केंद्राला तीस हजारांहून अधिक वेल्श गाणी वाजवता येत नव्हती. एखाद्या भाषेच्या तेव्हाच्या एकमेव राष्ट्रीय केंद्रावर त्या भाषेची गाणी नसावीत, ही कल्पना करून पाहा. पोसलेली माणसे अशी आपल्या ताटावरून उठत नाहीत.

निवृत्त लेखापाल
संप केला म्हणजे अनुदान नव्हते, असे सिद्ध होत नाही. तरी मानधनाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तेवढा जमेस धरतो. पत्रांचा मुद्दा कायम आहे.

मधली बहीण
आपण सर्व विद्वान आहात, पण तीन भावंडे एकत्र गातात तेव्हा नेमके काय होते, हे कोणीच सांगितले नाही. आम्ही तिघी बहिणी लहानपणी भोंडल्याला गायचो, अर्थात एकाच सुरात. आमची आई पाठमोरी असली, तर कोणती कोण हे तिलाही ओळखता येत नसे, कारण ‘अ’ उघडण्याची, शब्दाच्या शेवटी श्वास सोडण्याची आमची रीत एकच होती. प्लीचे गाणे ऐकताना मला तेच जाणवले. सूर तीन आहेत, पण स्वरवर्ण एकच आहे, आणि तो स्वरवर्ण घरातल्या भाषेने घडवलेला आहे. त्यांनी इंग्रजीत गायले, तर सूर जुळतीलच, पण ती एकजीव कड राहील का, याची मला शंका आहे. तानपुरा यांनी बहिणीबरोबर कधी गायले असेल, तर त्यांना हे पटेल.

तानपुरा
बहीण आहे, ती गात नाही, आणि आमचे सध्या बोलणेही नाही. तेव्हा हा पुरावा माझ्यासाठी बाद. काल रात्री मात्र ‘बेंडिथ’ पूर्ण ऐकला. मधला स्वर दोन ठिकाणी असा काही सरकतो, की आमच्या गुरुजींनीही मान डोलावली असती. याला मी अजूनही लोकसंगीत म्हणणार नाही. घरगुती संगीत म्हणेन.

कार्डिफकर
मी पहिल्या परिच्छेदापासून तेच म्हणत आहे.

निवृत्त लेखापाल
पुतण्याच्या पत्रांचे काय, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही.

मधली बहीण
प्लगाइनमध्ये एकदा गायले गेलेले गीत त्या संध्याकाळी पुन्हा कोणी गायचे नाही, असा दंडक असतो म्हणे. लेखापालांची पत्रे आता दुसऱ्यांदा गाऊन झाली आहेत.