मदत हवी आहे: बंद असलेल्या सुट्टीच्या घराची सुरक्षा, कमी खर्चात

नमस्कार मंडळी. आमचं छोटं सुट्टीचं घर वर्षातला बराच काळ बंद असतं. शेजारच्या एका बंद घरात नुकतीच चोरी झाली, तेव्हापासून आईबाबांना झोप लागत नाही. बजेट बेताचं आहे, त्यामुळे आधी कशावर खर्च करावा हे ठरवायचंय.

माझ्या मते सुरुवात दारापासून व्हावी. कुलूप कितीही भारी असलं तरी कडीची पट्टी चौकटीला आखूड स्क्रूने बसवलेली असेल तर दोन लाथांत चौकट फुटते. म्हणून ७५ मिलिमीटरचे स्क्रू चौकटीतून थेट भिंतीत घ्यायचा विचार आहे. पण चौकट जुन्या लाकडाची आहे, ती चिरणार नाही ना? मागचं दार बाहेर उघडतं आणि बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला आहेत. त्या निघू नयेत म्हणून काय करता येईल?

कॅमेऱ्याचं कोडं वेगळंच. तिथे वायफाय नाही, वीजही जाते. सिमकार्डवर चालणारा, सोलर पॅनेलचा कॅमेरा कोणी वापरलाय का? पावसाळ्यात बॅटरी टिकते का? की हालचाल टिपून लागणारा दिवा आणि मोठा भोंगा पुरे? टायमरवरचे दिवे वीज नसताना निरुपयोगीच.

आणखी एक, घर सलग बंद राहिलं तर काही विमा पॉलिसी चोरीची भरपाई देत नाहीत. अशा घरासाठी पॉलिसी घेताना तुम्ही नेमक्या कोणत्या अटी तपासल्या?