इंग्लिश, आयरिश आणि स्कॉटिश ब्रेकफास्ट चहा: तुलना नेमकी कशी करावी?

रेडिंगकर

नमस्कार. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग येथे आमचे वास्तव्य आहे. आमच्या घरी सकाळचा चहा दोन तऱ्हांनी होतो: सासूबाई आले घालून दुधासकट उकळतात, आणि मी किटलीत मुरवलेल्या चहात वरून थोडे दूध घालते. या दुसऱ्या तऱ्हेसाठी इथल्या दुकानांत इंग्लिश ब्रेकफास्ट, आयरिश ब्रेकफास्ट आणि स्कॉटिश ब्रेकफास्ट अशा नावांचे डबे मिळतात. गेल्या काही महिन्यांत मी त्यांतले बरेच आणून पाहिले, पण निष्कर्ष काही हाती लागत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे इंग्लिश ब्रेकफास्ट चवीला एकमेकांपासून इतके लांब वाटतात की त्यांतला एक सरळ आयरिश म्हणून खपून जावा. शिवाय एक चहा कोरा प्यायला असता सुरेख लागतो, त्याला गंधही चांगला असतो, आणि दूध पडताच तो फुळकवणी होऊन जातो. दुसरा कोरा असताना घशाला ओरबाडतो आणि दुधाबरोबर मात्र उत्तम जमतो.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. या नावांना काही ठरलेली व्याख्या आहे का? तुलना करताना चहा कोरा चाखावा की दूध घालून? पिशवीतला चहा आणि सुटा चहा एका पंगतीला बसवता येतो का? कोणता ब्रँड सर्वोत्तम, असे उत्तर मला नको आहे. पेल्यात आसाम किती बोलतो आहे आणि केनिया किती, हे स्वतःला ओळखता यावे, एवढीच इच्छा आहे.

चहापारखी

कोलकाता आणि गुवाहाटी येथील लिलावांसाठी येणारे चहाचे नमुने चाखण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

व्याख्या नाही. या नावांमागे कायद्याने बांधलेली कृती नाही आणि मळ्याचे बंधनही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इंग्लिश ब्रेकफास्ट म्हणून जो चहा विकला जाई तो चीनचा काळा चहा असे, आणि १८७५च्या सुमारास आन्ह्वे प्रांतात किमून चहा होऊ लागल्यावर त्याचे नावही या मिश्रणाशी जोडले गेले. आज ब्रिटनमध्ये त्या नावाखाली बहुतेक वेळा आसाम, श्रीलंका आणि केनिया यांचे मिश्रण असते. आयरिशमध्ये आसामचा किंवा पूर्व आफ्रिकेचा जोर अधिक असतो. स्कॉटिश म्हणून मिळणारी मिश्रणेही साधारणतः कडक बांधणीची असतात. मात्र हे कल झाले. प्रत्येक कंपनीचा मिश्रणकार स्वतःच्या गिऱ्हाइकाची चव आणि त्या आठवड्याचे बाजारभाव पाहून प्रमाण ठरवतो आणि वर्षभर चव तीच राहावी म्हणून मळे मात्र सतत बदलत असतो. त्यामुळे आपल्याला दोन इंग्लिश ब्रेकफास्टमध्ये अंतर जाणवले, हे आपल्या जिभेचे प्रामाणिक निरीक्षण आहे.

घटक ओळखायचे असतील तर आधी ते वेगवेगळे चाखावेत, असा माझा आग्रह आहे. आसामचा दुसऱ्या बहराचा चहा, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत खुडलेला, घेऊन पाहा. त्याला भिजवून भाजलेल्या सातूसारखा गोडसर, जाड गंध असतो आणि घोट तोंडात भरून राहतो. आमच्या धंद्यात याला ‘बॉडी’ म्हणतात. त्याच आसामचा पावसाळ्यातला माल रंग देतो, पण हा गंध देत नाही, म्हणून ‘आसाम’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. केनियाचा सीटीसी, म्हणजे यंत्रात पाने चिरडून दाणेदार केलेला, चहा तांबूस आणि अतिशय उजळ उतरतो; त्याचा तुरटपणा हिरड्यांवर लगेच जाणवतो आणि लगेच ओसरतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर खुडणी चालत असल्याने त्याची चव महिन्यामहिन्याला फारशी हलत नाही, आणि मिश्रणकाराला तो प्रिय असण्याचे हे एक मोठे कारण आहे. श्रीलंकेतील उंचावरचा चहा, उदाहरणार्थ दिंबुला किंवा उवा, अंगाने हलका, पण गंधाने आणि तरतरीने पुढे असतो. स्वस्त मिश्रणांतून सर्वांत आधी कापला जातो तो हाच, आणि त्याची उणीव रंगात दिसत नसल्यामुळे ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. मला याचे नेहमी वाईट वाटते. किमूनमध्ये सुक्या फळांचा आणि किंचित धुराचा वास असतो. आपला जो चहा दुधात विरून गेला, त्यात किमूनसारखा किंवा अशाच नाजूक पानांचा चहा अधिक असण्याची शक्यता मला दिसते.

आता पद्धत. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९८० साली निघाले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याचा गाभा असा की दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावा, त्यावर खळखळ उकळलेले पाणी ओतावे, झाकण ठेवून सहा मिनिटे मुरू द्यावे आणि मग पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात गाळून घ्यावे. सहा मिनिटे मुरलेला हा चहा मुद्दाम जहाल होतो. तो आवडीने पिण्यासाठी नसतोच, गुणदोष उघडे पडावेत यासाठी असतो. दुधासाठीही त्या मानकात माप आहे: सुमारे ३०० मिलिलिटरच्या मोठ्या भांड्यामागे ५ मिलिलिटर आणि दीडशेच्या लहान भांड्यामागे अडीच. आपण घरी पिताना यापेक्षा पुष्कळ जास्त दूध घालतो, हे लक्षात असू द्यावे.

चहा चमच्याने कधीही मोजू नये; वजन करावे. दाणेदार सीटीसी चमच्यात दाटून बसतो आणि लांब पानांचा चहा पोकळ राहतो, त्यामुळे चमच्याची तुलना पहिल्याच पायरीवर फसते. पिशव्यांतही असेच आहे: काहींत २ ग्रॅम असतात, तर काहींत ३ ग्रॅमहून अधिक. पिशव्या कापून आतला चहा तोलून घेतला की तो सुट्या चहाच्या पंगतीला बसवता येतो, पण बारीक कणांचा चहा लवकर उतरतो आणि मोठ्या पानांना वेळ लागतो, याचे भान सहा मिनिटांनंतरही ठेवावे लागते.

कोरा की दूध घालून, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘दोन्ही, आणि त्याच क्रमाने’ असे आहे. कोऱ्या चहात उजळपणा, गंध आणि दोष कळतात. धुरकटपणा, करपलेपणा, डब्यात पडून राहिल्याने आलेला शिळेपणा हे सारे दूध झाकून टाकते. पण ब्रेकफास्ट मिश्रण बांधलेलेच असते दुधासाठी, म्हणून त्याचा निवाडा दुधाच्या पेल्यातच व्हायला हवा. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते. ज्या चहात तुरटपणा भरपूर आहे तो दुधानंतरही उभा राहतो आणि त्याचा रंग सोनेरी तांबूस होतो. ज्यात तो कमी आहे त्याचा रंग करडा, मातकट पडतो. हा रंग दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहावा. विजेच्या दिव्याखाली हे नीट कळत नाही.

घोट घेताना जोराने भुरका मारावा. चारचौघांत ते बरे दिसत नाही, पण हवेबरोबर चहा टाळूपर्यंत उडाल्याखेरीज गंध नाकात चढत नाही.

लिफीकाठ

डब्लिनमध्ये राहत असल्यामुळे आयरिश बाजूबद्दल थोडी भर घालतो. इथे दुकानात ‘आयरिश ब्रेकफास्ट’ असे लिहिलेला डबा शोधावा लागतो, कारण लोक बॅरीज, लायन्स किंवा ब्यूलीज असे म्हणतात आणि तोच त्यांचा रोजचा चहा असतो. बॅरीज ही कॉर्क शहरातली १९०१ पासूनची पेढी आहे आणि तिच्या प्रसिद्ध मिश्रणात केनिया आणि रवांडा यांचा चहा आसामसोबत असतो. म्हणून ‘आयरिश म्हणजे आसाम’ हे समीकरण मला अपुरे वाटते; इथल्या पेल्यातला तो उजळ तांबडा रंग बऱ्याच अंशी पूर्व आफ्रिकेचा आहे.

याला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आयर्लंडचा बहुतेक चहा लंडनमार्गे येत असे. युद्धात ब्रिटनने पुरवठा आवळला आणि १९४१ मध्ये इथला माणशी शिधा आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमवर आला. चहापारखींनी सांगितलेल्या मापाने त्यात आठवडाभरात जेमतेम सातशे मिलिलिटर चहा होईल. त्यानंतर आयर्लंडने चहा पिकवणाऱ्या देशांकडून थेट खरेदी करण्याची व्यवस्था उभारली. त्या थेट खरेदीमुळे चांगल्या प्रतीचा माल मागण्याची सवय इथल्या व्यापाऱ्यांना लागली, असे मला वाटते, आणि आजही सामान्य आयरिश पिशवीचा दर्जा सामान्य इंग्रजी पिशवीहून वर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक विनंती अशी की आयरिश मिश्रण चाखताना दूध इथल्या रीतीने सढळ हाताने घालून एक पेला अवश्य करावा. मानकातल्या ५ मिलिलिटर दुधात त्याची ताकद कळतच नाही.

रेडिंगकर

चहापारखी, लिफीकाठ, दोघांचे मनापासून आभार. तोलून, सहा मिनिटे मुरवून चाखल्यावर फरक खरोखर ठळक झाले. पण एक नवी अडचण दिसते आहे. चारही वाडग्यांवर काही वेळाने तपकिरी साय धरते आणि सगळे चहा मला अपेक्षेपेक्षा काळपट आणि बोथट वाटतात. केनियाचा तो उजळ तांबूस रंग मला एकाही वाडग्यात दिसला नाही. चहा जुना असेल का?

क्षारमापक

चहा जुना असण्याची गरज नाही. पाणी पाहा. पाणी तपासणी हाच माझा व्यवसाय असल्याने हा धागा वाचताना मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

रेडिंग आणि लंडन परिसराचे पाणी खडूच्या खडकातून येते आणि अतिशय जड, म्हणजे क्षारांनी भरलेले असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर. त्यातले बायकार्बोनेट चहाची आम्लता मारते. चहाचा तांबूस-तपकिरी रंग देणारी द्रव्ये आम्लता घटली की गडद होतात, म्हणून पेला काळा दिसतो, पण त्यात तरतरी नसते. वरची साय म्हणजे चहातली द्रव्ये हवेशी संयोग पावून कॅल्शियमच्या साथीने धरलेला थर आहे. खात्री करायची असेल तर एका वाडग्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. रंग लगेच उजळेल. कोरा चहा थंड होताना आतून गढूळतो तो प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे थिआफ्लेविन हे चहातले रंगद्रव्य आणि कॅफीन एकत्र येऊन साका धरतात आणि ते दमदार चहाचे लक्षण आहे.

स्कॉटिश मिश्रणाचा विषय इथेच येतो. ग्लासगोला १८५९ पासून लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळते आणि ते फार हलके आहे. ते चहातले सर्व काही उघडे करते. त्या पाण्याला धरून बांधलेला चहा रेडिंगच्या नळाखाली चाखून स्कॉटिश मिश्रणाबद्दल मत देणे अन्यायाचे होईल. हॅरोगेटच्या टेलर्स कंपनीने यॉर्कशायर टीचे जड पाण्यासाठी वेगळे मिश्रण विक्रीला ठेवले आहे, ते याच कारणामुळे. आयएसओ मानकातही, चहा जिथे प्यायला जाणार तिथल्यासारख्या जडपणाचे पाणी वापरावे, अशी सूचना आहे.

आपल्या घरी रोजच्या पिण्यासाठी निवड करायची असेल तर नळाचेच पाणी वापरावे, कारण तेच आपले खरे पाणी आहे. मिश्रणातले घटक ओळखायला शिकायचे असेल तर कमी क्षारांचे बाटलीतले पाणी आणावे किंवा जगवाल्या फिल्टरचे ताजे काडतूस वापरावे. अगदी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी घेऊ नये. त्यात चहा पोकळ लागतो. मुंबईच्या तलावांचे हलके पाणी आणि मराठवाड्यातल्या बोअरचे जड पाणी यांत एकाच पुड्याचा चहा किती वेगळा होतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

चहापारखी

क्षारमापक यांचे म्हणणे अचूक आहे. गाडी पाण्यापर्यंत येऊन पोहोचलीच आहे तर शेवटची एक चाचणी सुचवतो. दोन चहा वेगळे आहेत असे वाटले की घरातल्या कोणालातरी तीन वाडगी भरायला सांगावीत: दोहोंत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा, आणि खुणा बुडाला. वेगळे वाडगे कोणते, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजानेही तीनदा एकदा बरोबर येते, म्हणून वाडग्यांच्या जागा बदलून ही चाचणी निदान सात-आठ वेळा करावी. एकदा फिल्टरच्या पाण्यात आणि एकदा नळाच्या. रेडिंगच्या नळाखाली ज्या दोन डब्यांतला फरक ओळखता येत नाही, त्यांतला स्वस्त डबा निर्धास्तपणे घ्यावा. सासूबाईंच्या उकळलेल्या चहासाठी मात्र यांतला एकही डबा खर्ची घालू नये. आले आणि उकळी यांपुढे दिंबुलाचा गंध टिकत नाही, तिथे आसामचा साधा दाणेदार सीटीसीच उत्तम.