शब्दांच्या यादीपलीकडे
विज्ञानाच्या धड्याआधी इंग्रजीच्या शिक्षकांनी कठीण शब्दांची यादी द्यावी, ही सूचना चांगली आहे. पण विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांत मुलांचे घोडे शब्दांपेक्षा वाक्यापाशी अडते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्नच घ्या. तारे का लुकलुकतात, हे मराठीत नीट सांगणारी मुलगी उत्तरपत्रिकेत ‘रिफ्रॅक्शन’ एवढेच लिहून थांबते, कारण हवेच्या थरांची घनता बदलत राहते, म्हणून प्रकाशकिरण सतत वळतात आणि त्यामुळे ताऱ्याचे तेज कमीजास्त भासते, ही साखळी इंग्रजीत जोडण्याचा सराव तिला मिळालेलाच नसतो. हा सराव व्याकरणाच्या तासाला याच वाक्यांवर घेता येईल. त्यासाठी इंग्रजी आणि विज्ञान अशा दोन्ही शिक्षकांना आठवड्याला एक सामाईक मोकळा तास हवा, आणि तो वेळापत्रकातच नोंदलेला असावा. मधल्या सुट्टीतल्या घाईवर हे काम सोडू नये.