व्हीआर हेडसेटचा पट्टा: मागे बॅटरी लटकवावी की नाही?

पांदणवाट (धागाकर्ता)

धाकटा भाऊ दिवाळीत पुण्याहून मेटाचा क्वेस्ट ३एस हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आत चित्रं बघायचा डबा) घेऊन आला आणि जाताना माझ्या संगणक क्लासात ठेवून गेला. आमचं गाव दारव्हा-दिग्रस रस्त्यावर. चार गावांतली पोरं क्लासला येतात. सूर्यमाला आणि हृदयाचे कप्पे पाहायला रांग लागायची. आठ दिवस कौतुकात गेले, नवव्या दिवसापासून एकेक जण डबा काढला की मान चोळायला लागला. कुणाच्या गालावर वळ, कुणाच्या नाकावर.

दोष सोबत आलेल्या इलॅस्टिकच्या पट्ट्याचा आहे. डबा ५१४ ग्रॅमचा आणि ते सगळं वजन डोळ्यांपुढे. इलॅस्टिक त्याला उचलून धरत नाही, नुसतं तोंडावर दाबून धरतं. सैल सोडलं तर डबा नाकावर घसरतो, आवळलं तर गालफडं दबतात.

म्हणून माझं मत असं की दुसरा पट्टा घ्यायचाच असेल तर मागे फिरवून आवळायची चक्री असलेला कडक पट्टा घ्यावा आणि त्याच्या मागच्या टोकाला बॅटरी असावी. बाकी सगळे प्रकार म्हणजे पैसे पाण्यात. बंडी भरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुटार पुढे जास्त झालं की जू बैलाच्या मानेवर बसतं, मागे जास्त झालं की बंडी उलाळ होते. आता अंदाजे हिशेब पाहा. डोकं ज्या सांध्यावर डोलतं तो साधारण दोन कानांच्या मध्ये. डब्याचं वजन तिथून पुढे १२ सेंमी धरा. ५०० गुणिले १२ म्हणजे ६०००. मागे १० सेंमीवर २०० ग्रॅमची बॅटरी बसवली की २००० वजा. डब्यामुळे मानेच्या स्नायूंना जी ओढ सहन करावी लागते ती एक तृतीयांशानं उतरली. शिवाय डबा एका चार्जिंगमध्ये दोन-अडीच तास चालतो, तो आणखी चालेल. आमच्याकडे लाइटीचा भरवसा काय, ते तुम्हाला सांगायला नको.

कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा. पट्टा पुढच्या आठवड्यात मागवायचा आहे.

कोरडवाहू

सर, बंडीचं बोल्ले ते झकास, पण बंडीचं ओझं चाकं घेतात. मानेले चाकं कुठी हायेत? मांगं २०० ग्रॅम लावले म्हंजे डोक्सावर ५०० चे ७०० झाले, कडक पट्ट्याचं वजन वायलंच. पोळ्याच्या आदल्या रोजी खांदशेकणीले आपण बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. त्याच्यावर आणखी एक पोतं नाई ठेवत.

माह्या पुतण्यापाशी क्वेस्ट २ हाय, तो ५०३ ग्रॅमचा. त्याचीबी मान दुखे. मी पाह्यलं तं पोट्टा बाजूचे पट्टे आवळून राह्यला होता अन् वरचा पट्टा लोंबून राह्यला होता. उलटं करा. मांगचा भाग खाली घ्या, डोक्स्याचा मांगचा फुगवटा संपून मान सुरू होते तिथं बसवा. मंग वरचा पट्टा ताणा, तोच डबा वर उचलते. बाजूचे सगळ्यात शेवटी, तेबी उलसेकच. एक पैसा लागत नाई. तुमच्या त्या पट्ट्याच्या पैशात सोयाबीनच्या बियाण्याची बॅग येते, कायले उधळता?

पांदणवाट

भाऊ, बांधायची पद्धत तुम्ही सांगितली ती बरोबर आहे आणि मी ती करून पाहिली. एकट्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं छान जाते. माझ्याकडे संध्याकाळी पंचवीस डोकी येतात. दर पोराला वरचा वेलक्रो काढा, लावा, बाजूचे सरकवा. तेवढ्यात पुढचा म्हणतो, "सर, माझा नंबर गेला." आणि रोज इतक्या वेळा ओढून महिन्याभरात वेलक्रोला कापसाचे तंतू आणि केस चिकटले, त्याची पकड गेली. चक्रीला तीन सेकंद लागतात. घरी एकच माणूस वापरणार असेल तर तुमचं बियाणं वाचवा, माझं काही म्हणणं नाही.

रातपाळी

मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला, राहतो तिथूनच जवळच्या गावात. माझ्याकडे क्वेस्ट ३ आहे आणि मागे बॅटरीवाला पट्टा सात महिने वापरून आता काढून ठेवला आहे. तुमचा हिशेब स्थिर डोक्याचा आहे. मी तलवारीनं ठोकळे कापायचा खेळ खेळतो. मान झटक्यात डावीकडे वळवली आणि थांबवली, की मागचं धूड थांबत नाही, ते आणखी पुढे जायला बघतं. पुढे ५०० आणि मागे २०० अशी दोन टोकांना वजनं म्हणजे लाठीच्या दोन्ही टोकांना लोखंड बांधून ती फिरवण्यासारखं. तोल साधतो, पण फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर.

दुसरं, गर्मी. क्वेस्टसाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा चालते. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहालाही पारा त्याच्या खाली येत नाही. त्यात मानेजवळ आणखी एक गरम बॅटरी बांधून कोण बसेल? कूलरची हवा मागून घेतो तर ती नेमकी त्या बॅटरीवर.

मला विचाराल तर कपाळपट्टीचा प्रकार घ्या. कपाळावर एक गादी, मागे एक गादी, दोघींना जोडणारं कडं, आणि डबा त्या कड्याला टांगलेला. तोंडाला नुसता टेकतो. खालून वारा लागतो, भिंगावर वाफ धरत नाही. २०१६ साली आलेला प्लेस्टेशन व्हीआर असाच होता. वजन ६१० ग्रॅम, म्हणजे तुमच्या ३एसपेक्षा बरंच जास्त, तरी लोक तो घालून तासन् तास बसत.

पांदणवाट

तुम्हीच माझ्या बाजूनं साक्ष दिली की! ६१० ग्रॅम चालतात, ५१४ चालत नाहीत, म्हणजे प्रश्न वजनाचा नाहीच. ते बसतं कुठे, एवढाच प्रश्न आहे. ३५ अंशांचा मुद्दा मात्र मला लागला. एप्रिलपासून क्लास सकाळी सातला भरवतो, हे त्यावरचं माझं उत्तर आहे, पट्ट्याचं नाही.

पऱ्हाटी

पांदणवाट भाऊ, तुमच्या क्लासात मुली येतात ना? तुमच्या एवढ्या लांब लेखात त्यांच्या केसांविषयी एक ओळ नाही. कडक पट्ट्याच्या मागे जी वाटीसारखी गादी असते ती नेमकी अंबाड्यावर बसते. शाळकरी पोरींच्या दोन वेण्या रिबिनीनं वर बांधलेल्या असतात, त्यांच्या गाठी त्या वाटीखाली चेपतात. मी भाचीचा हेडसेट घातला तेव्हा अंबाडा सोडून केस मोकळे करावे लागले आणि मग ते चक्रीच्या फटीत अडकले. दोन केस तुटल्याशिवाय सुटका झाली नाही.

कपाळपट्टी सुचवणाऱ्यांनाही सांगते, टिकली गादीला चिकटून गेली आणि कुंकू फरफटून भुवईपर्यंत आलं.

माझी आई चाऱ्याचा भारा आणायची तेव्हा डोक्यावर आधी चुंबळ. चुंबळीला मध्ये भोक असतं, कडेनं भार. पट्ट्याला तसंच हवं. मागे दोन फाटे होणारा घ्या, एक फुगवट्याच्या वरून आणि एक खालून. मधून अंबाडा बाहेर निघतो. असे पट्टे मिळतात. आणि बॅटरी नकोच, कारण मी लोडाला टेकून बघते. मागे डबडं असलं की टेकताच मान पुढे ढकलली जाते.

मास्तर (जिल्हा परिषद)

सगळे पट्ट्यावर भांडताहेत, तोंडाला जे लागतं त्याचं कुणी बोलत नाही. पंचवीस पोरं एकाच फोमला घाम आणि खोबरेल तेल पाजणार. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या चेहऱ्याकडच्या फोमनं काहींच्या कातडीला पुरळ उठलं, तेव्हा अमेरिकेत सुमारे ४० लाख हेडसेटचे फोम परत मागवण्याच्या यादीत गेले आणि कंपनीनं वरून घालायला सिलिकॉनची आवरणं दिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फोमची काय गत होत असेल? सिलिकॉन ओल्या फडक्यानं पुसता येतं. घाम शोषत नाही, तो खाली ओघळतो, हे खरं, पण पुढच्या पोराच्या तोंडाला आधीच्याचा घाम तरी लागत नाही. पट्ट्याच्या गाद्याही अशाच, पुसता येणाऱ्या बघा. कापडी गादी आमच्या शाळेत दोन आठवड्यांत काळी झाली होती, वास वेगळाच.

आणखी दोन गोष्टी, विषय सोडून आहेत तरी. मेटाच्या नियमात दहा वर्षांखालच्या मुलांना हा डबा नाही, तेव्हा चौथीपर्यंतची पोरं रांगेतून बाजूला करा. आणि डबा अंगणात उन्हाकडे भिंगं करून ठेवू नका. भिंगानं कागद जाळायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. इथे कागदाच्या जागी आतला पडदा असतो.

कोरडवाहू

मास्तर बराबर बोल्ले. माह्या पुतण्यानं डबा खाटेवर ठेवला होता, दुपारची तिरीप आली, पडद्यावर पिवळा डाग कायमचा.

पांदणवाट सर, बॅटरी पाह्यजेच असन तं तयार कायले घेता? बसस्टँडसमोर बॅगा शिवते त्याच्याइकडून खाटेच्या नवाडीची पिशवी शिवून घ्या, घरची पॉवरबँक टाका, मांगच्या पट्ट्याले लावा. जमलं तं ठेवा, नाई जमलं तं पिशवीत बिब्बे ठेवाले होते.

पूर्णाकाठ

मी अकोल्याकडचा. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला नेतो, म्हणून दोन्ही टोकांच्या वजनाबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे. कावडीचा तोल साधला की चालणं सोपं होतं, इथे पांदणवाट बरोबर. पण खांदा सोलतोच, थोड्या थोड्या वेळानं बदलावा लागतो, इथे कोरडवाहू भाऊ बरोबर. खांदा दुसरा असतो, मान एकच. क्लासातलं पोरगं दहा मिनिटं बघून उठतं, त्याला तोल महत्त्वाचा. रातपाळीवाले भाऊ तासभर नाचतात, त्यांना हलकं हवं.

एक विचारतो. माझ्याकडे क्वेस्ट २ चा जुना कडक पट्टा पडून आहे, तो ३एसला बसेल का? बसला तर एसटीनं पाठवून देतो.

रातपाळी

नाही बसत. ३ आणि ३एस यांचे पट्टे एकमेकांना चालतात, २ चे वेगळे. आणि पांदणवाट सर, पोरांना धूसर दिसतं म्हणून पट्टा आवळत असाल तर आधी भिंगांमधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतराशी जुळतं का ते बघा. ३एसला तीनच टप्पे आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. भिंगं हातानं सरकवली की टप्पा बदलतो. माझ्या ३ वरही हे अंतर बदलता येतं हे मला पहिले चार दिवस माहीतच नव्हतं, मी आपला पट्ट्याची चक्री फिरवत बसलो.

पांदणवाट

भिंगांचं मलाही माहीत नव्हतं. काल नववीतल्या एका मुलीला अर्धा तास "आणखी थोडं घट्ट कर" सांगत होतो. तिला ५८ वर ठेवलं तर पट्टा सैल असूनही गुरू ग्रहावरचे पट्टे दिसले.

आता माझं. काल नवाडीची पिशवी शिवून घेतली, वीस रुपये पडले, त्यात २१० ग्रॅमची पॉवरबँक टाकून बारा पोरांना बसवलं. नऊ जण म्हणाले बरं वाटतं. तिघींना नको होतं आणि त्या तिघींच्याही वेण्या वर बांधलेल्या होत्या. पऱ्हाटी ताई, आधी लिहिलं नाही ही चूक झाली, कारण खरंच सुचलं नव्हतं. मागे दोन फाटे असलेला, चक्रीचा आणि बॅटरी काढता येईल असा पट्टा शोधतो आहे. बॅटरी कायमची चिकटलेला घेणार नाही, एवढं मागे येतो. बॅटरीच नको, हे मात्र मानत नाही.

पऱ्हाटी

अर्धं मानलंत, चालेल. पट्टा आला की रविवारी येते, अंबाडा घालूनच. कपाळपट्टीचा असला तर येणार नाही.

पांदणवाट

या ताई. लाइट असली तर क्लासात, नसली तर वसरीत बसू. सकाळी सात वाजता या, नंतर ऊन चढतं.