तुमचा नेहमीचा अड्डा कोणता?

खारेदाणे
परवा ऑफिसातून येताना आमच्या गल्लीतल्या परमिट रूमचं शटर अर्धं खाली दिसलं आणि पोटात गोळा आला. रंगकाम निघालं होतं, एवढंच. पण घरी पोचेपर्यंत हिशेब लावला: एकोणीस वर्षं मी तिथे बसतोय. मोठा खंड पडला तो एकदाच, 2020 च्या मार्चपासून 5 ऑक्टोबरला बार उघडेपर्यंत.

मालक उडुपीकडचे शेट्टी. वर एसी, खाली नॉन-एसी. वर तीच बाटली महाग, म्हणून आम्ही खालीच. ट्यूबलाइट, गल्ल्यावर हार घातलेला तिरुपती आणि भिंतीवरचा एक पंखा, ज्याचा वारा फक्त आमच्या टेबलाला लागतो. मी टेकायच्या आत क्वार्टर, दोन सोडे आणि कांदा-लिंबू मारलेली चणाडाळ समोर येते. एकदा उकाड्याने बियर मागितली, तर अण्णा वेटर म्हणाले, "तब्येत ठीक है ना, साब?" आठवडाभर तापाने फणफणलो होतो तेव्हा ऑफिसात कुणी एवढं विचारलं नव्हतं.

तुमच्या जागांबद्दल लिहा. रूफटॉप आणि ब्रुअरी नकोत. घरून चालत जाता येईल आणि, बहुतेक वेळा, चालत परत येता येईल अशाच हव्यात.

लिंबूसरबत
मी पीत नाही, तरी लिहिते. यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात आमच्या घरामागेच पब आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कोणीतरी मेन्यू घेऊन येईल म्हणून दोघं वीस मिनिटं शहाण्यासारखे बसून राहिलो. काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे, हे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं.

मग राउंडची भानगड. चौघं असतील तर एकेकाने पाळीपाळीने उठून चौघांचं आणायचं. आपल्याकडे शेवटी बिलावरून जी झोंबाझोंबी होते तिला इथे जागाच नाही; उलट जो आपली पाळी चुकवतो तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. नवऱ्याला हे कुठे माहीत! पहिल्या दिवशी तीन पाइंट फुकट पिऊन "काय दिलदार माणसं आहेत" म्हणत घरी आला. (पाइंट 568 मिलीचा. म्हणजे जवळजवळ पावणेदोन लिटर दिलदारी.)

मंगळवारी क्विझ असते. क्रिकेटचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघतात. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण आता ते सांगायची सोय राहिलेली नाही.

वर्धापार
चालत जायचा नियम मोडतोय. 2015 ला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती उठली 2021 ला. मधली सगळी वर्षं घुग्गुसवरून वर्धा नदी ओलांडून वणीला. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे बंदी नाही. कोळशाच्या ट्रकांची धूळ खात जायचं, आणि परतताना गाडी चालवायला आमच्यातला एक न पिणारा. त्या बिचाऱ्याने काय काय ऐकून घेतलं असेल! आता घराजवळ तीन बार झालेत. पण काय सांगू बापा, सगळे मिळून जाणं काही होत नाही. ज्याला वाटलं तो जातो, पितो, घरी येतो.

साधा सोडा
मला या जागा फक्त बाहेरून माहीत. आठवी-नववीत असताना आई मला बाबांना बोलवायला पाठवायची. आत जायचं नाही, दारातल्या पडद्याशी उभं राहायचं. तिथला एक वेटर मला बघितलं की बाबांच्या खांद्याला हात लावून सांगायचा आणि माझ्या मुठीत बडीशेप-खडीसाखर ठेवायचा. बाबा उठेपर्यंत अर्धा तास जायचा. मला अजून बडीशेप खाववत नाही. वेटरचा मात्र राग येत नाही. तिथे बाबांना सगळे "साहेब" म्हणायचे. कारखान्यात आणि घरी तसं कोणी म्हणत नव्हतं.

उर्राकवाला
गोव्यात आमच्या वाड्यावरचं तवेर्न म्हणजे घराचीच पुढची खोली. एक बाकडं, चार खुर्च्या. मार्च ते मे उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू: वर लिमका, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. मग वर्षभर फेणी. दुपारी मालकीणबाई झोपतात, तेव्हा बंद. कुणी पाहुणा दार वाजवत राहिलाच तर आतून आवाज येतो, "फाल्यां यो!" (उद्या ये!)

खारेदाणे
साधा सोडा, तुमचं वाचूनच काल गेलो. पहिल्यांदा दाराकडे तोंड करून बसलो.

रंग पिस्ता दिलाय. ट्यूबच्या जागी एलईडी आल्यात, त्यांच्या उजेडात सगळेच आजारी दिसतात. अण्णांनी विचारलं, "कैसा लगता है?" मी म्हटलं, एक नंबर. आमचं टेबल मात्र हातभर सरकवलंय, त्यामुळे पंख्याचा वारा आता कुणालाच लागत नाही.